कार्ड बसवलं आणि सर्व्हर बोंबलायला लागला

खुडबुड्या
मंडळी, कान किटलेत. माझ्याकडे दोन प्रोसेसरचा जुना टू-यू (यू हे उंचीचं माप) सर्व्हर आहे. पुढे साडेतीन इंची डिस्कचे आठ कप्पे, त्यातले पाच भरलेले. बारा-यूच्या कपाटात बसवलाय, आणि मी काम करतो ती खोली भिंतीपलीकडेच. दोन वर्षं काही त्रास नव्हता. सुरू केल्यावर अर्धा मिनिट बोंबलायचा, मग बीएमसीने, म्हणजे बोर्डावरच्या पंखे सांभाळणाऱ्या छोट्या कंट्रोलरने, ताबा घेतला की पंखे गप्प.

मागच्या आठवड्यात डिस्क जोडायला एक वापरलेलं एचबीए कार्ड टाकलं. तेव्हापासून पंखे खाली यायलाच तयार नाहीत. कोणीतरी मिक्सर चालू ठेवून घराबाहेर निघून गेलंय असं दिवसभर वाटतं. प्रोसेसर ४४ अंशांवर, काम जवळजवळ काहीच नाही, तरी सहाही पंखे ११,००० आरपीएमवर.

काल वैतागून आयपीएमआयटूलने (बीएमसीला कमांड देणारा प्रोग्रॅम) पंखे मॅन्युअलवर घेतले आणि २० टक्के दिले. बराच फरक पडला, पण भणभण अजून आहेच. पंखेच बदलून टाकू का? शांत म्हणून मिळतात ते?

तारकाम
पंख्यांना हात लावू नका, त्यांचा दोष नाही. ओळखीच्या कार्डाला किती हवा लागते ते बीएमसीच्या तक्त्यात असतं, किंवा कार्ड स्वतः आपलं तापमान तिला कळवतं. तुमचं कार्ड बाहेरचं. त्याचं तापमान तिला दिसत नाही, म्हणून ती वाईटातलं वाईट धरते आणि पंखे सोडून देते. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

काही सर्व्हरमध्ये ही सवय बंद करायची सोय असते. कुठे बायोसच्या (मशीनच्या मूळ सेटिंगच्या) थर्मल पानावर, कुठे आयपीएमआयच्या रॉ, म्हणजे थेट बाइटच्या आकड्यांत लिहिलेल्या, कमांडने. ती कमांड मॉडेलगणिक आणि फर्मवेअरगणिक बदलते, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या मशीनची उचलून आपल्या मशीनवर चालवू नका.

सत्तावन्नपानी
२० टक्के दिलेत म्हणता, ते कमांडमध्ये नेमकं कसं लिहिलंत?

खुडबुड्या
शेवटच्या बाइटला वीस. म्हणजे शून्य, एक्स, वीस.

सत्तावन्नपानी
मग ते वीस नव्हेत, बत्तीस झाले. तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, असतो. २० टक्के हवे असतील तर तिथे १४ लिहायचं. या खड्ड्यात सगळेच पडतात. मी एकदा ३० समजून ४८ टक्क्यांवर महिनाभर चालवत होतो आणि सर्व्हरला शिव्या देत होतो.

खुडबुड्या
अरे देवा. १४ केलं. ३,६०० आरपीएमवर आला. स्वर्ग!

गप्पगार
स्वर्गाचं गणित सांगून ठेवतो, पुढे कामाला येईल. पंखा फेकतो ती हवा आरपीएमच्या प्रमाणात, दाब आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात आणि खातो ती वीज घनाच्या प्रमाणात. आरपीएम निम्मे केले की आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो आणि पंख्यांची वीज आठव्या हिश्शावर येते. पंख्यावर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर छापलं असेल तर पूर्ण वेगाला तो १८ वॅट खातो. असे सहा म्हणजे १०८ वॅट, नुसते वारा घालायला.

याउलट सहापैकी तीन पंखे काढून टाकले तर फक्त ३ डेसिबल कमी होतात. वर त्या मोकळ्या भोकांतून गरम हवा उलटी पुढे येते आणि उरलेले पंखे तीच हवा पुन्हा ओढतात. आवाज कमी करायला पंखे काढणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

दुसरं म्हणजे सूर. सात पात्यांचा पंखा ११,००० आरपीएमवर साधारण १,२८० हर्ट्झला शिट्टी मारतो. ३,६०० वर तोच ४२० हर्ट्झवर उतरतो. डेसिबल सारखे असते तरी पहिला जास्त टोचला असता. आपला कान खालच्या सुरांना जरा बहिरा असतो.

झंझावात
एवढं कशाला? वरचं झाकण काढून ठेवा आणि समोर टेबलफॅन लावा. माझा तीन वर्षं असाच चाललाय.

रात्रपाळी
झंझावात, तुमचा चालला म्हणून दुसऱ्याला सांगू नका हो. सर्व्हरचं झाकण हा हवेच्या बोगद्याचा छप्परभाग आहे. पंखे मध्ये, डिस्क पुढे, प्रोसेसर आणि रॅम मागे. झाकण काढलं की पंख्यातून निघालेली हवा वरून उडून जाते, हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता काढणाऱ्या धातूच्या, पात्यांतून जायला तिला कोणी भाग पाडत नाही. प्रोसेसरवरचं ते काळं प्लास्टिकचं आच्छादनही याचसाठी असतं, आणि वापरलेल्या सर्व्हरमध्ये नेमकं तेच हरवलेलं असतं. शिवाय बऱ्याच मशीनमध्ये झाकण उघडल्याचा स्विच असतो. तो सुटला की पंखे शंभर टक्क्यांवर.

खुडबुड्या, तुमचे तीन कप्पे रिकामे आहेत म्हणालात. त्यात नकली ट्रे आहेत का, की नुसती भोकं?

खुडबुड्या
नुसती भोकं. आच्छादन मात्र आहे, आत्ताच पाहिलं.

रात्रपाळी
मग हवा त्या तीन भोकांतून सरळ आत शिरते आणि डिस्कच्या फटींतून जायला उरते ती उरलीसुरली. भोकं बुजवा. आणि एक आकडा सांगा: बीएमसीच्या सेन्सरांमध्ये इनलेट (आत शिरणाऱ्या हवेचं तापमान) किती दाखवतो, आणि खोलीत किती आहे?

खुडबुड्या
इनलेट ३४. खोलीत, टेबलावर ठेवलेल्या तापमापकावर, २७.

रात्रपाळी
हा सात अंशांचा फरक म्हणजे तुमचा सर्व्हर स्वतःचाच उच्छ्वास परत घेतोय. ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस इनलेटला १८ ते २७ अंशांची आहे. त्यांच्या ए-टू वर्गाच्या मशीनला ३५ पर्यंत चालतं, पण ते चालतं, आवडत नाही. तुम्ही त्या काठावर बसलाय. कपाटाला पुढे काच आहे का?

खुडबुड्या
आहे. धूळ नको म्हणून बंदच ठेवतो.

रात्रपाळी
काय बोलणार! नाक दाबून पळायला लावलंय त्याला.

आज एवढंच करा. काच उघडा. सर्व्हरच्या वरखाली जेवढे यू रिकामे आहेत तेवढ्यांवर पुठ्ठा कापून पुढून चिकटपट्टीने लावा. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, मोजून कापा. पुठ्ठा कायमचा ठेवायचा नाही, नुसता प्रयोग. अर्ध्या तासाने इनलेट बघा. उतरला तर धातूची किंवा प्लास्टिकची ब्लँकिंग पॅनेलं आणा.

खुडबुड्या
केलं. इनलेट ३४ वरून २९ वर! काच उघडून १ अंश उतरला, पुठ्ठे लावल्यावर उरलेले ४. मला उलटं वाटलं होतं.

रात्रपाळी
सगळ्यांना उलटंच वाटतं. मोकळी जागा ठेवली की हवा खेळती राहते, हा समज. मागची गरम हवा त्याच मोकळ्या जागेतून पुढे खेळत येते.

नवशिकी
याच धाग्यात विचारते, वेगळा काढत नाही. माझा वन-यू आहे. ४० मिलिमीटरचे मूळ पंखे काढून शांत पंखे घातले. आता दर पंधरा-वीस सेकंदांनी सगळे पंखे जोरात घूं करून वर जातात, मग खाली येतात, मग पुन्हा घूं. आधी निदान एकसारखा आवाज होता. आगीतून फुफाट्यात आले आहे.

तारकाम
घूंचं कारण सोपं आहे. प्रत्येक पंख्यासाठी बीएमसीकडे आरपीएमची खालची मर्यादा असते. मूळ पंखा त्याच्या सगळ्यात संथ चालीतही तिच्या बराच वर असतो. तुमचा शांत पंखा संथ झाला की त्या मर्यादेखाली जातो. बीएमसीला वाटतं पंखा मेला, ती बाकीच्यांना पूर्ण वेग देते, त्यात हाही जोरात फिरायला लागतो, बीएमसीला वाटतं जिवंत झाला, ती वेग उतरवते. की पुन्हा मेला.

आयपीएमआयटूलने त्या मर्यादा खाली आणता येतात. तीन असतात: इशाऱ्याची, गंभीर आणि त्याखालची शेवटची. तुमचा पंखा संथ चालीत किती आरपीएमवर असतो ते बघा आणि तिन्ही त्याच्याही खाली ठेवा. आणि मूळ पंखे जाड, दोन चाकांचे होते का? त्यातून आरपीएमचे दोन सिग्नल येतात. नव्यातून एकच येणार, तेव्हा दुसरा कायम शून्य दिसेल.

गप्पगार
घूं थांबेल, पण नवशिकी, तुमच्या वन-यूचं खरं दुखणं पुढे आहे. हिशोब साधा आहे: वॅटला ३ ने गुणायचं आणि हवा जितके अंश तापलेली चालेल त्याने भागायचं. उत्तर ताशी घनमीटरमध्ये. २०० वॅटचा सर्व्हर, हवा १० अंश तापू द्यायची, तर ताशी ६० घनमीटर हवी. ४० मिलिमीटरचा, २० मिलिमीटर जाडीचा शांत पंखा ताशी जेमतेम ९ घनमीटर देतो, तेही समोर काहीच अडथळा नसताना. सहा लावले तर ५४. आणि वन-यूच्या पोटात अडथळ्याशिवाय असतं तरी काय? दाट पात्यांचे हीटसिंक, रॅमची रांग, तारा. त्या दाबापुढे निम्मी हवासुद्धा पोचायची नाही.

४४ मिलिमीटर उंचीच्या डब्यात ४० मिलिमीटरपेक्षा मोठा पंखा उभा राहत नाही. मूळ पंखे १५,००० आरपीएमवर का फिरतात त्याचं उत्तर एवढंच. वन-यूला शांत करायचं तर आधी त्याची उष्णता कमी करावी लागते.

नवशिकी
म्हणजे मूळ पंखे परत घालू?

गप्पगार
आधी भिंतीच्या सॉकेटला वॅटमीटर लावून बघा किती खातोय. मग बायोसमध्ये पॉवर प्रोफाइल बघा. जुन्या सर्व्हरवर बऱ्याचदा कमाल कामगिरी असं काहीतरी लावलेलं असतं. त्यात प्रोसेसर झोपतच नाही, सी-स्टेट (त्याच्या झोपेच्या पायऱ्या) बंद असतात. ते सुरू करा. टर्बो (भाराला आपोआप वाढणारा वेग) बंद करून बघा. टर्बोमधले शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात, कारण त्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं. दुसऱ्या प्रोसेसरची गरज नसेल तर तो काढा, पण त्याच्या वाट्याच्या रॅमच्या आणि कार्डांच्या जागाही जातात हे लक्षात घ्या. काढलेल्या प्रोसेसरच्या जागी ब्लँक बसवायला विसरू नका. एवढं करून १०० वॅटच्या खाली आलात तर शांत पंख्यांचा विषय काढू. नाहीतर मूळ पंखे.

सत्तावन्नपानी
आणि थर्मल पेस्ट. दहा वर्षांची पेस्ट खडूसारखी झालेली असते. माझ्याकडची नखाने खरवडली तर पापुद्रे निघाले. नवीन लावल्यावर त्याच कामाला प्रोसेसर ९ अंशांनी खाली आला. सगळ्यात स्वस्तातलं काम आणि सगळ्यात शेवटी आठवतं.

खुडबुड्या
धागा वर काढतो. वाईट बातमी.

परवा रात्री बॅकअप चालू असताना अ‍ॅरेतल्या चार डिस्क एकाच वेळी गायब झाल्या. पूल (सगळ्या डिस्कचा मिळून एक साठा) थांबला. लॉगमध्ये आधी टाइमआउट, मग कंट्रोलर रीसेट, मग सगळं शांत. रीबूट केल्यावर चारही डिस्क परत आल्या, स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) एकही खराब सेक्टर नाही. तापमानं चांगली होती! प्रोसेसर ५२, डिस्क ३८ ते ४१. केबल बदलून पाहिली. काल रात्री पुन्हा तेच.

रात्रपाळी
चार डिस्क एकदम मरत नाहीत. त्या चौघींमध्ये सामाईक काय आहे? कार्ड. बॅकअप चालू असताना, म्हणजे कार्डावर भार असताना. पंखे २० टक्क्यांवर. आता बंद करून झाकण उघडा आणि कार्डाच्या हीटसिंकला बोट लावून बघा. जपून.

खुडबुड्या
भार देऊन अर्धा तास चालवला, बंद केला, लगेच उघडला. बोट टेकलं आणि दुसऱ्याच क्षणी मागे घेतलं. चटका बसला राव.

सत्तावन्नपानी
माझीच चूक. बत्तीसवर असताना सगळं ठीक चाललं होतं, मी हेक्स शिकवायला गेलो आणि खरोखरचे वीस करायला लावले. कार्डाचा विचार माझ्या डोक्यातही आला नाही.

रात्रपाळी
आकडा चुकून बरोबर होता. होतं असं.

पण मुद्दा नीट समजून घ्या. एचबीए कार्डांवर स्वतःचा पंखा नसतो, बोटभर हीटसिंक असतो. ती सर्व्हरच्या वाऱ्यावर जगायची म्हणूनच बनवलेली असतात. अशा कार्डांच्या माहितीपत्रकात किमान हवा लिहिलेली असते: मिनिटाला २०० फूट, म्हणजे सेकंदाला साधारण १ मीटर. १० गिगाबिटची जुनी नेटवर्क कार्डंही त्याच जातीची. तुम्ही पंखे उतरवले तेव्हा मोठा हीटसिंक असलेल्या प्रोसेसरला फरक पडला नाही, आणि तुम्ही बघत होतात तेही प्रोसेसरकडेच. तापमान दाखवणाऱ्याची काळजी आणि न दाखवणाऱ्याला वाऱ्यावर सोडलं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

आता बीएमसी एवढी का ओरडत होती ते कळलं ना? तिला माहीत नव्हतं, पण तिचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

तारकाम
उपाय दोन. एक, कार्डाच्या हीटसिंकवर ४० मिलिमीटरचा छोटा पंखा बसवायचा. तिथे शांत पंखा चालतो, कारण त्याला फक्त दहा-पंधरा वॅट हलवायचे असतात. दोन, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवायचं. पंख्यांच्या थेट ओळीतला स्लॉट आणि पॉवर सप्लायच्या आडोशाचा स्लॉट यात फार फरक पडतो. ज्या स्लॉटसमोर तारांचा गुंता आहे तो टाळा.

काही कार्डांच्या चिपमध्ये तापमानाचा सेन्सर असतो आणि कंट्रोलरच्या स्वतःच्या युटिलिटीतून तो वाचता येतो. तुमच्यात आहे का बघा. असेल तर तुमच्या स्क्रिप्टमध्ये तोच आकडा घ्या.

खुडबुड्या
सेन्सर आहे! पंखा न लावता, भार देऊन, २० टक्क्यांवर १०१ अंश. ३२ टक्क्यांवर ८०.

आणि स्क्रिप्ट कसली? मी कमांड एकदाच देऊन ठेवली आहे.

तारकाम
मग उद्या खोलीचं तापमान वाढलं तर? मॅन्युअलवर टाकलं की बीएमसीने हात वर केले असंच समजून चाला.

छोटी स्क्रिप्ट लिहा. दर दहा सेकंदांनी प्रोसेसर, कार्ड, डिस्क आणि इनलेट वाचायचं. प्रत्येकाची मर्यादा वेगळी ठेवा, कारण ७० अंश प्रोसेसरला काहीच नाही आणि डिस्कसाठी फार झालं. त्यात जो आपल्या मर्यादेच्या सगळ्यात जवळ असेल त्याच्या हिशोबाने पंखे. चढताना लगेच चढवा, उतरताना मिनिटभर थांबून उतरवा, नाहीतर वेग सतत हेलकावत राहील आणि तो हेलकावा एकसारख्या आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. कुठलंही वाचन आलं नाही, किंवा कोणीही मर्यादा ओलांडली, तर सरळ पंखे बीएमसीच्या स्वाधीन.

आणि स्क्रिप्ट स्वतः मेली तर? बाहेर पडताना ऑटोमॅटिक करायची ओळ आत असतेच, पण किल माइनस नाइनने (जबरदस्तीने) मारलं की ती ओळ चालत नाही. म्हणून सिस्टमडीच्या (लिनक्समधला सर्व्हिस सांभाळणारा भाग) सर्व्हिसमध्ये, सर्व्हिस थांबल्यानंतर चालणाऱ्या कमांडमध्ये ऑटोमॅटिक ठेवा. मग मुद्दाम मारून बघा. पंखे किंचाळले पाहिजेत. नाही किंचाळले तर झोपायला जाऊ नका.

गप्पगार
कपाटाच्या आत स्पंज लावायचा विचार कोणी करत असेल तर आधीच सांगतो. स्पंज आतला ठणठणाट शोषतो, तोही वरच्या सुरांचा. आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं. आणि दाराच्या पृष्ठभागावर १ टक्का जरी फट उरली तर बाकी भिंत कितीही जाड करा, २० डेसिबलच्या पुढे जाता येत नाही. हवेला वाट तर द्यावीच लागणार. म्हणून ती वाट सरळ न ठेवता, आतून स्पंज लावलेल्या वळणाच्या खोक्यातून काढायची. हवा वळते, वरचे सूर वळताना मरतात. मात्र त्या वाटेचं तोंड भरपूर मोठं ठेवा, नाहीतर परत नाक दाबलं.

अवांतर: आवाज आणि डिस्क यांचं नातं एकतर्फी नाही. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग यांनी डिस्कच्या रांगेसमोर तोंड नेऊन नुसतं ओरडून दाखवलं होतं, आणि डिस्कचा प्रतिसादवेळ आलेखावर उसळलेला दिसला होता. पंख्याची थरथर डिस्कच्या ट्रेपर्यंत पोचू न देणं हेही म्हणून महत्त्वाचं. शांत करायच्या नादात रबराच्या बुशी काढू नका.

नवशिकी
माझं थोडक्यात. भिंतीवर १६८ वॅट खात होता. प्रोफाइल बदललं, टर्बो बंद केला, दुसरा प्रोसेसर काढून ब्लँक बसवला. ९१ वर आला. मर्यादा खाली आणल्यावर घूं बंद. पण शांत पंख्यांवर रॅम ७८ अंशांना टेकायला लागली, म्हणून मूळ पंखे परत घातले. आता उष्णताच कमी असल्यामुळे तेही आधीइतके बोंबलत नाहीत. शांत पंखे ड्रॉवरमध्ये पडलेत.

खुडबुड्या
त्यातला एक माझ्या कार्डासाठी पाठवून द्या.

माझा शेवट: कप्प्यांत नकली ट्रे, रिकाम्या यूंवर पॅनेलं, काचेचं दार काढून जाळीचं लावलं. कार्ड मधल्या स्लॉटमध्ये हलवलं आणि त्यावर छोटा पंखा, केबल टायने आवळून. सर्व्हरचे पंखे २२ टक्क्यांवर, बॅकअपच्या वेळी २८. कार्ड भाराखाली ६३, इनलेट २८. स्क्रिप्ट तीनदा मारून पाहिली, तिन्ही वेळा किंचाळला. नऊ दिवस झाले, एकही डिस्क गेलेली नाही.

एकच गोष्ट. सर्व्हर गप्प झाल्यावर एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली आहे. दोन दिवस शोधली. कपाटाच्या मागच्या बाजूला बसवलेल्या नेटवर्क स्विचची आहे. ती आधीपासून असणार, ऐकू येत नव्हती इतकंच.

रात्रपाळी
स्विच मागच्या बाजूला कसा? पोर्ट मागे तोंड करून?

खुडबुड्या
हो, तारा जवळ पडतात म्हणून.

रात्रपाळी
त्याच्या पोर्टच्या बाजूला कागदाचा कपटा धरून बघा, ओढला जातो का.

खुडबुड्या
ओढला जातो. म्हणजे तो सर्व्हरची गरम हवा पितोय. उद्या पुढे आणून बसवतो, तारा लांब घ्याव्या लागल्या तरी.